अमानतीची राखण हीसुद्धा इबादतच

रमजानचे चंद्रदर्शन झाले, की मुस्लिम मोहल्ल्यांमध्ये सहरी, इफ्तार आणि तरावीहच्या लगबगीबरोबर आणखी एक धावपळ दिसू लागते. ती असते उमऱ्याला निघालेल्यांची. मुंबई, भिवंडी, मालेगाव, सोलापूर, मिरज, रत्नागिरी अशा ठिकठिकाणांहून लोकांचे गट या महिन्यात मक्का आणि मदिनेकडे रवाना होतात. रमजानमध्ये केलेल्या उमऱ्याचे पुण्य हजसमान आहे, असे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे हदीस ग्रंथांत नमूद आहे. म्हणूनच या दिवसांत हॉटेलांचे दर चढतात, शेवटच्या दहा रात्रींसाठी तर ते आणखी वाढतात, तरीही पै-पै साठवून माणसे जातात.

निघण्यापूर्वी मशिदीत किंवा टूरवाल्यांच्या कार्यालयात माहितीचा कार्यक्रम होतो. एहराम कसा बांधायचा, तवाफचे सात फेरे कुठून सुरू करायचे, सफा आणि मरवा यांच्या दरम्यानची सई कशी करायची, हे सारे नीट समजावले जाते. मधुमेहाच्या गोळ्या, मऊ चप्पल, छोटी कात्री यांची यादी हातात पडते. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. खोलीतले सगळेजण तरावीहसाठी हरम शरीफमध्ये गेले, की पासपोर्ट, रियाल आणि दागिने कुठे राहणार? कोणी विचारलाच, तर उत्तर ठरलेले असते, ‘अहो, अल्लाहच्या घरी चाललात. तिथे कोण चोरी करणार?’

या उत्तरामागची श्रद्धा निर्मळ आहे. पण लाखोंच्या गर्दीत इबादतीसाठी आलेल्यांबरोबर हात मारणारेही मिसळतात, हे जगातल्या प्रत्येक गर्दीचे वास्तव आहे. शिवाय सगळेच काही चोरीला जात नाही. वस्तू विसरतात, पडतात, बदलतात. टूरवाले गटातल्या सगळ्यांना एकाच रंगाच्या, एकाच छापाच्या बॅगा देतात आणि हॉटेलच्या लॉबीत तशा चाळीस बॅगा रांगेने उभ्या असल्या, की आपली कोणती हे ओळखताना तरुणही गोंधळतात. मग सत्तरीच्या आजींचे काय? म्हणून परदेशातल्या हॉटेलात आपला ऐवज कसा सांभाळायचा, हा विषय दुआ आणि फेऱ्यांइतकाच तयारीचा भाग व्हायला हवा. इस्लामच्या शिकवणीतही त्याला मोठे स्थान आहे.

आधी दोरी, मग भरवसा

प्रेषितांकडे एक माणूस आला. उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून भरवसा ठेवू, असे त्याने विचारले. आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, असे प्रेषितांनी त्याला सांगितले. तिर्मिजीच्या संग्रहातली ही हदीस प्रसिद्ध आहे. अल्लाहवर पूर्ण विसंबून राहणे याला ‘तवक्कुल’ म्हणतात. पण आपल्या हातात असलेले प्रयत्न सोडून देणे म्हणजे तवक्कुल नव्हे, हे या एका प्रसंगाने कायमचे स्पष्ट झाले.

इस्लामी कायद्यातही हाच विचार दिसतो. चोरीची कठोर शिक्षा लागू होण्यासाठी ज्या अटी फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, सांगितल्या आहेत, त्यांत एक अट ‘हिर्ज’ची आहे. हिर्ज म्हणजे वस्तू जिथे सुरक्षित ठेवायची रीत आहे अशी जागा. रोख रक्कम पेटीत, जनावर गोठ्यात, धान्य कोठारात. वस्तू अशा जागेतून नेली असेल, तरच ती शिक्षा. उघड्यावर टाकलेली वस्तू कोणी उचलली, तर उचलणारा गुन्हेगार ठरतो, त्याला दुसरी शिक्षा होऊ शकते. पण ती कठोर शिक्षा नाही. याचा अर्थ असा, की चोराकडे बोट दाखवण्यापूर्वी कायदा मालकालाही विचारतो, ‘तू तुझ्या वस्तूची राखण केली होतीस का?’

बॅगेतले सगळे आपले नसते

उमऱ्याला निघालेल्या माणसाच्या बॅगेत त्याचे एकट्याचे पैसे क्वचितच असतात. शेजारची चाची दोनशे रियाल हातात ठेवते, ‘माझ्यासाठी तसबीह आणि जानमाज आण.’ भाऊ सांगतो, ‘एवढे पैसे तिथल्या गरिबांना दे.’ कोणी वारलेल्या आईच्या नावाने सदका पाठवते, कोणी अजवा खजुरांचे पैसे देते. हे सारे पैसे म्हणजे अमानत. बोलण्यात खोटेपणा, वचनभंग आणि अमानतीत खयानत ही ढोंगी माणसाची तीन लक्षणे प्रेषितांनी सांगितली आहेत. खयानत म्हणजे पैसे खाऊन टाकणे एवढेच आपल्याला वाटते. पण अमानतीची हेळसांड हासुद्धा गंभीर दोष आहे.

याबाबत फिकहमधला नियम साधा आणि न्याय्य आहे. अमानत सांभाळणाऱ्याने योग्य ती काळजी घेतली आणि तरीही वस्तू गेली, तर त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येत नाही. त्याने निष्काळजीपणा केला असेल, तर मात्र भरपाई त्यानेच करायची. चाचीचे दोनशे रियाल उशीखाली ठेवून कोणी इफ्तारला गेला आणि परत आल्यावर ते सापडले नाहीत, तर ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून मोकळे होता येत नाही. ते तिचे पैसे होते आणि ते तिला परत करावे लागतील.

मक्केच्या इतिहासात अमानतीचा सर्वांत मोठा प्रसंग हिजरतच्या रात्रीचा आहे. प्रेषित तेव्हा मक्केत ‘अल-अमीन’, म्हणजे विश्वासू, म्हणून ओळखले जात. त्यांच्या शिकवणीला विरोध करणारे, त्यांचा छळ करणारे लोकही आपल्या मौल्यवान वस्तू त्यांच्याच घरी ठेवत. इसवी सन 622 मध्ये त्यांच्या जिवावरच बेतले, तेव्हा त्यांना मक्का सोडावी लागली. अशा घाईच्या वेळी माणूस स्वतःचा जीव बघतो. प्रेषितांनी मात्र हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. जिवाचा धोका पत्करून हजरत अली थांबले, ज्याची त्याची वस्तू ज्याला त्याला पोहोचवली आणि मगच ते मदिनेच्या वाटेला लागले. ज्या शत्रूंनी घराला वेढा घातला होता, त्यांच्यातही या अमानतींचे मालक होते.

पुढे आठ वर्षांनी मक्का जिंकल्यावर काबागृहाची किल्ली प्रेषितांच्या हाती आली. ती त्यांनी पूर्वापार राखण करणाऱ्या घराण्यातील उस्मान बिन तल्हा यांच्याकडेच परत सोपवली. अमानती ज्यांच्या त्यांना पोहोचवा, ही सूरह निसामधील आज्ञा या प्रसंगाशी जोडली जाते. ती किल्ली आजही त्याच घराण्याकडे आहे. या शहरात जाणाऱ्या यात्रेकरूने आपल्या जवळच्या चार वस्तूंकडेही याच नजरेने पाहावे.

रिकामी खोली, ठरलेली वेळ

परदेशातल्या इतर हॉटेलांत कोणता पाहुणा केव्हा बाहेर जाईल, हे सांगता येत नाही. रमजानमधल्या मक्का-मदिनेत ते सगळ्यांना ठाऊक असते. अस्रनंतर लोक इफ्तारसाठी हरमकडे निघतात, ते तरावीह आटोपूनच परततात. शेवटच्या दहा रात्रींत मध्यरात्रीनंतर कियामुल्लैलची नमाज असते, म्हणजे खोल्या पुन्हा काही तास रिकाम्या. मजलेच्या मजले ओस पडतात. त्यामुळे खोलीत ऐवज ठेवायचा, तर तो नुसता कपाटात किंवा गादीखाली ठेवून भागत नाही. लपवलेल्या वस्तूची जागा पहिल्यांदा बघणाऱ्यालाही चटकन सुचते. गादी, उशी, कपड्यांची घडी, बुटाच्या आत, या जागा सगळ्यांच्या ठरलेल्या आहेत.

दुसरी अडचण दाराची. परवडणाऱ्या पॅकेजमध्ये एका खोलीत चार-पाच जण राहतात आणि हॉटेल दाराची कार्डे देते दोन. मग सहरीनंतर कोणी झोपलेले, कोणी हरममध्ये गेलेले, अशा वेळी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी दारात टॉवेल किंवा चप्पल अडकवून ठेवली जाते. एवढी एक सवय सोडली, तरी निम्मी काळजी मिटेल. रिसेप्शनवर जाऊन जादा कार्डे मागावीत. मिळाली नाहीत, तर कार्ड कोणाकडे राहील आणि कोण केव्हा परतेल, हे आपसात ठरवावे. आत असताना दाराची आतली कडी किंवा साखळी लावावी. हॉटेलांच्या कार्डाच्या कुलपांवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. 2024 मध्ये संशोधकांनी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या कुलपांतली त्रुटी उघड केली, तेव्हा 131 देशांतले सुमारे 30 लाख दरवाजे त्या प्रकारचे असल्याचे सांगण्यात आले होते.

खोलीतल्या फोनचेही तसेच. ‘रिसेप्शनवरून बोलतोय, तुमच्या कार्डाचे पैसे जमा झाले नाहीत, नंबर सांगा,’ असा फोन रात्री-अपरात्री आला, तर नंबर सांगू नये. फोन ठेवून स्वतः खाली जाऊन विचारावे. दारावर टकटक झाली आणि कोण आहे ते कळले नाही, तरी हाच उपाय.

लॉकर किती भरवशाचा?

बहुतेक हॉटेलांच्या कपाटात आकडे दाबून उघडणारा छोटा लॉकर असतो. आपल्याकडून गेलेले कित्येक जण तो वापरतच नाहीत. आकडा विसरला तर काय, ही भीती असते. ती खरे तर अनाठायी आहे. पाहुणा आकडा विसरला, तर लॉकर उघडण्यासाठी हॉटेलकडे मुख्य आकडा किंवा किल्ली असते. याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. तो लॉकर आपल्याशिवाय आणखी कोणीतरी उघडू शकतो. म्हणजे लॉकर उघड्या टेबलापेक्षा पुष्कळ बरा. पण तो बँकेची तिजोरी नव्हे.

वापरण्यापूर्वी दोन गोष्टी बघाव्यात. लॉकर हाताने हलवून पाहावा. तो भिंतीला किंवा फळीला पक्का बसवलेला नसेल, तर अख्खा लॉकरच कोणी उचलून नेऊ शकतो. मग त्याचे दार उघडे ठेवूनच आकडा टाकावा, कडी बाहेर येते का आणि त्याच आकड्याने परत आत जाते का, हे रिकाम्या लॉकरवर तपासावे. आकडा म्हणून खोलीचा क्रमांक, जन्मसाल किंवा 1234 ठेवू नये. पूर्वीच्या पाहुण्याचा किंवा कंपनीने घालून दिलेला आकडा तसाच चालू ठेवू नये.

पाच जणांच्या खोलीत एकच लॉकर असतो, तिथे खरी परीक्षा. पहिल्याच दिवशी बसून रीत ठरवली, तर पुढचे पंधरा दिवस मनात किंतु राहत नाही. प्रत्येकाने आपला ऐवज वेगळ्या पाकिटात घालावा, पाकीट बंद करून त्यावर नाव आणि रक्कम लिहावी. आकडा दोघांनाच माहीत असावा आणि लॉकर शक्यतो दोघांच्या समोर उघडावा. सूरह बकरामध्ये देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे आणि लगेच पुढच्या आयतीत प्रवासाचा उल्लेख आहे. प्रवासात लिहिणारा मिळाला नाही, तर तारण घ्यावे आणि ज्याच्यावर विश्वास टाकला त्याने अमानत परत करावी, असा तिचा आशय आहे. कुरआनमधली सर्वांत दीर्घ आयत लिहून ठेवण्याविषयी आहे, हे पुष्कळांना माहीत असते. ‘आपल्या माणसांत कसला हिशेब?’ असे म्हणताना मात्र ती आठवत नाही.

मोठी रक्कम असेल, तर रिसेप्शनवर ठेव म्हणून घेतात का, हे विचारावे. देताना पाकीट चिकटवून जोडावर सही करावी, आत काय आहे ते लिहून त्याची पावती घ्यावी. खोलीत ठेवलेल्या वस्तूपेक्षा हॉटेलच्या ताब्यात पावतीने दिलेल्या वस्तूची जबाबदारी हॉटेलवर अधिक येते, हे तत्त्व जगातल्या अनेक देशांत मान्य आहे. युरोपातील देशांनी 1962 मध्ये पॅरिसमध्ये केलेल्या करारातही हा भेद आहे. पावतीशिवाय तोंडी भरवशावर दिलेल्या पाकिटाचे पुढे काही सिद्ध करता येत नाही.

लॉकरचा एक धोका मात्र आपल्याच विसराळूपणाचा. मक्केहून मदिनेला नेणारी बस पहाटे उभी असते, सामान खाली गेलेले असते आणि पासपोर्ट लॉकरमध्येच राहतात. पाहिजेच अशी एखादी वस्तू, चष्म्याची डबी किंवा रोजच्या गोळ्यांचे पाकीट, आदल्या रात्री लॉकरमध्ये ठेवावी. ती घेतल्याशिवाय पाय निघणार नाही आणि लॉकर आपोआप आठवेल.

घरीच राहिलेले उत्तम

सर्वांत सुरक्षित दागिना तो, जो सोबत नेलेलाच नाही. एहरामच्या अवस्थेत स्त्रियांना दागिने घालण्याची मनाई नाही. पण तिथे त्यांची गरजही नाही. गळ्यातला लच्छा, कानातले, बांगड्या निघण्यापूर्वी घरी किंवा बँकेत ठेवाव्यात. न्यायचेच असेल आणि वजन जास्त असेल, तर निघताना विमानतळावर कस्टमकडून नोंद करून दाखला घ्यावा, म्हणजे परतताना ते सोने आपलेच आहे हे दाखवता येते. तिथे नवे सोने घेणाऱ्यांनी पावती सांभाळावी. आपल्याकडे 22 कॅरेटची सवय, तिथे 21 कॅरेटचे दागिने सर्रास मिळतात; पावतीवर वजन आणि कॅरेट दोन्ही असावे. 60 हजार रियाल किंवा त्याहून अधिक किमतीची रोकड वा सोने सोबत असेल, तर सौदी अरेबियात येताजाता ते जाहीर करावे लागते.

पासपोर्टचे पहिले आणि शेवटचे पान, व्हिसा आणि तिकीट यांच्या झेरॉक्सचे दोन संच करावेत. एक बॅगेत, दुसरा गटातल्या सोबत्याकडे. फोटो घरी मुलाच्या फोनवरही असावेत. फोनवर *#06# दाबले, की त्याचा आयएमईआय क्रमांक दिसतो. तो आणि बँक कार्ड बंद करण्याचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा, कारण फोनच गेला तर फोनमधले क्रमांक कामाला येत नाहीत. रौजा शरीफजवळ नमाजसाठी लागणारा परवाना हल्ली नुसुक अ‍ॅपवर मिळतो. त्यामुळे फोन हरवणे म्हणजे नुसते यंत्र हरवणे राहिलेले नाही. काही गटांत पासपोर्ट ग्रुप लीडरकडे किंवा हॉटेलात जमा होतात. तसे असेल, तर ते कोणाकडे आहेत हे नावानिशी माहीत असावे.

हरमकडे निघताना

पुरुषांच्या एहरामला शिलाई नसते, त्यामुळे खिसाही नाही. त्यासाठी कंबरेला पट्टा बांधण्याची मुभा फकीहांनी दिली आहे. त्यात त्या दिवसापुरते पैसे, हॉटेलचे कार्ड आणि पासपोर्टची झेरॉक्स एवढेच असावे. पट्ट्याची चेन पोटावर यावी, पाठीवर नव्हे. स्त्रियांनी बुरख्याच्या आतून खिसा शिवून घेतला, तर खांद्यावरच्या पर्सची गरज उरत नाही. हज्रे अस्वदजवळच्या रेटारेटीत आणि इफ्तारनंतर हॉटेलच्या लिफ्टसमोर होणाऱ्या गर्दीत लक्ष सगळ्यात कमी असते. तिथे हात पट्ट्यावर असावा.

नमाजला उभे राहताना पिशवी मागे किंवा रांगेच्या टोकाला ठेवू नये. गुडघे आणि सजद्याची जागा यांच्यामध्ये ती राहते. वजू करताना काढलेली अंगठी आणि घड्याळ नळावर राहते, म्हणून ते खोलीतूनच काढून निघावे. इफ्तारचा दस्तरखान तर डोळ्यांदेखत गुंडाळला जातो. खजूर आणि जमजमने रोजा सुटतो, इकामत होण्याच्या आत लांबच लांब प्लास्टिकची पट्टी उचलली जाते आणि कोणाचा चष्मा, कोणाचा फोन, तर कोणाची कवळीही त्यात जाऊ शकते. बसल्यापासून या वस्तू मांडीवर किंवा खिशात असाव्यात.

आणि दुसऱ्याची वस्तू पडलेली दिसली तर? मक्केच्या हद्दीत पडलेली वस्तू, मालकाचा शोध घेऊन जाहीर करणाऱ्याशिवाय कोणी उचलू नये, असे प्रेषितांनी मक्का विजयाच्या वेळी सांगितले. दोन्ही पवित्र मशिदींत सापडलेल्या वस्तूंसाठी कार्यालय आहे. वस्तू तिथे किंवा तिथल्या कर्मचाऱ्याकडे द्यावी. आपले काही हरवले, तर आपणही पहिल्यांदा तिथेच विचारावे.

हरवलेच तर

सगळी काळजी घेऊनही वस्तू जाते. अशा वेळी आधी शांतपणे बॅगा, गाद्या, कपडे आणि एकाच रंगाच्या इतरांच्या बॅगा तपासाव्यात. मग ग्रुप लीडर आणि हॉटेलच्या व्यवस्थापकाला सांगून लेखी नोंद करावी. लॉबीत आणि मजल्यांवर कॅमेरे असतात. ते हॉटेलने किंवा पोलिसांनी तपासायचे असतात. मक्का आणि मदिनेत मदतीचा क्रमांक 911 आहे. कार्ड ताबडतोब बंद करावे.

पासपोर्ट गेला, तर पोलिसांकडे नोंद करून जेद्दाहच्या भारतीय वाणिज्य दूतावासाशी संपर्क साधावा लागतो. तिथून मायदेशी परतण्यापुरता तात्पुरता दाखला मिळतो. मक्केहून जेद्दाह तास-दीड तासाच्या अंतरावर आहे, मदिनेहून मात्र चारशे किलोमीटर. ज्याच्याकडे झेरॉक्स आहे, त्याचे काम सोपे होते. ज्याच्याकडे नाही, त्याच्या उमऱ्याचे उरलेले दिवस कचेऱ्यांच्या वाटेवर जातात.

आळ घेण्यापूर्वी

वस्तू सापडली नाही, की पहिला संशय खोली साफ करणाऱ्यावर जातो. तो बांगलादेशचा असतो, पाकिस्तानचा असतो, कधी आपल्याच बिहार-उत्तर प्रदेशचा. रोजा ठेवून दिवसभर चादरी बदलणारा, महिन्याचा पगार घरी पाठवणारा हा माणूस. तक्रार झाली, तर सर्वांत आधी चौकशी त्याचीच होते आणि आळ खोटा निघाला तरी त्याची नोकरी आणि परतीची वाट दोन्ही धोक्यात येतात. यात्रेकरू पंधरा दिवसांनी निघून जातो. तो तिथेच असतो.

सूरह निसामधील काही आयतींची पार्श्वभूमी सांगताना तफसीरकारांनी मदिनेतली एक घटना दिली आहे. एका मुस्लिम माणसाने चिलखत चोरले आणि ते एका ज्यू माणसाच्या घरी सापडेल अशी व्यवस्था केली. चोराचे नातलग त्याच्या बाजूने बोलायला आले. आपला माणूस चोर कसा असेल, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा अवतरलेल्या आयतींनी त्या ज्यू माणसाला निर्दोष ठरवले आणि आपला अपराध निरपराधाच्या माथी मारणाऱ्याने मोठे पाप ओढवून घेतले, असे बजावले. सूरह हुजुरातमध्ये तर पुष्कळशा संशयांपासून दूर राहण्याची स्पष्ट ताकीद आहे. तक्रार करताना ‘अमुक वस्तू अमुक वेळेपासून सापडत नाही’ एवढेच सांगावे. पुराव्याशिवाय नाव घेऊ नये, ना सफाई कामगाराचे, ना खोलीतल्या सोबत्याचे.

इथेच काळजीचे दुसरे अंग लक्षात येते. टेबलावर उघडे पैसे टाकून जाणारा माणूस स्वतःचेच नुकसान करतो असे नाही. तो खोलीत येणाऱ्या प्रत्येक गरिबाला संशयाच्या कक्षेत आणतो आणि पाच सोबत्यांच्या मनात पाल चुकचुकायला जागा करून देतो. पैसे बंद ठेवले, मोजून ठेवले, तर कोणावर आळ येण्याचा प्रसंगच सहसा येत नाही. आपली वस्तू नीट ठेवणे हा दुसऱ्याच्या अब्रूचाही बचाव आहे.

रोजाही शेवटी एक अमानतच. हॉटेलची खोली आतून बंद आहे, नळाला पाणी आहे, फ्रीजमध्ये थंड रस आहे, बघणारे कोणी नाही. तरीही तहानेने कोरडा पडलेला रोजेदार घोटभर पाणी पीत नाही, कारण हा व्यवहार त्याच्या आणि अल्लाहच्या मधला आहे. बंद खोलीतल्या पाण्याबाबत जी सचोटी, तीच सोबत्याच्या पाकिटाबाबत, चाचीच्या दोनशे रियालबाबत आणि रस्त्यात सापडलेल्या कोणाच्या तरी बटव्याबाबत असावी, हीच रमजानच्या महिनाभराची शिकवण.

उमरा करून परतलेल्यांच्या घरी जमजम आणि खजुरांसाठी पाहुणे येतात, मुसाफहा होतो, दुआ मागितल्या जातात. त्याच बैठकीत आणखी एक काम उरकून घ्यावे. ज्याने ज्यासाठी पैसे दिले होते, त्याला त्याची वस्तू द्यावी, सदका पोहोचल्याचे सांगावे आणि उरलेली मोड त्याच्या हातावर ठेवावी, मग ते पाच रियाल का असेनात. कागदावरच्या त्या यादीतले शेवटचे नाव खोडले गेले, की मगच सफर पूर्ण झाली असे समजावे.